स्क्रीन जरा इकडे वळवा

आमच्या गल्लीत एक खाला राहतात. वय साठीच्या पुढे. त्यांचे खरे नाव इथे लिहिणे बरे नाही, म्हणून आपण त्यांना रुकय्या खाला म्हणू या. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी त्या फाटकाशी उभ्या होत्या. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. मला पाहताच म्हणाल्या, "बेटी, पैसे बंद हो गए. वो बोलते, नाम नहीं मिलता. मेरा नाम मेरे कू ही नहीं मिलता?"

खालांना एका योजनेतून दर महिन्याला थोडे मानधन मिळते. शोहर वारले त्याला बारा वर्षे झाली. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला त्या अजूनही जातात, पण पूर्वीसारखा हात चालत नाही. बीपीच्या गोळ्या आणि गॅसची टाकी या मानधनातूनच निघते. ते तीन महिने आले नव्हते.

शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही पिशवी उघडली. आधार कार्डावर 'रुकय्याबी शेख करीम'. बँकेच्या पासबुकावर 'शेख रुकैया करीम'. रेशन कार्डावर 'रुकाया करीम शेख'. मतदार ओळखपत्रावर नुसते 'रुकय्या बी'. इंग्रजी स्पेलिंगे तर चार कागदांवर चार. पिशवीच्या तळाशी घडी घालून ठेवलेला निकाहनामा होता, उर्दूत, काझीसाहेबांच्या सुबक अक्षरात. त्यात नाव अगदी बरोबर होते. पण तो वाचणारा कुणी कुठल्याच खिडकीत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी बस स्टँडजवळच्या एका केंद्रावर गेलो. पुढे वीस माणसे होती. टेबलामागचा मुलगा भला होता, सकाळपासून जेवला नसावा असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होते. त्याने विचारले, "मावशी, पहिलं नाव?"

"शेख."

"ते आडनाव झालं. नाव सांगा."

"रुकय्या बी."

"मग बी काय? वडिलांचं नाव?"

"बी म्हणजे बी, बाबा. माझ्या अम्मीच्या नावातही होतं."

मागचे लोक हसले. खालाही हसल्या. मला मात्र हसू येईना, कारण त्या मुलाचे बोट कीबोर्डवर थांबले होते आणि खालांचे नाव कुठल्या चौकोनात बसवायचे हे त्याला खरोखरच कळत नव्हते.

यात त्याचा दोष नाही. आपल्याकडचे बहुतेक फॉर्म एकाच पद्धतीचे नाव डोळ्यासमोर ठेवून बनले आहेत : आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे, शेवटी आडनाव. महाराष्ट्रात बहुतेकांची नावे अशीच असतात. आपल्यातही बागवान, तांबोळी, मणियार, आतार, पिंजारी, मोमीन ही मंडळी या तीन चौकोनांत सहज बसतात. पण नाशिक, खानदेश, मराठवाडा या भागांत 'शेख सलीम शेख करीम' असे नाव सांगणारी हजारो घरे आहेत. म्हणजे शेख सलीम, शेख करीमचा मुलगा. इथे शेख पुढे येते, तेही दोनदा. सय्यदांचेही तसेच. खान आणि बेग शेवटी येतात. बायकांच्या नावात बी, बानो, बेगम, खातून. ते नावाचा भाग की आडनाव, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. ही पद्धत चुकीची नाही, फक्त ती चौकोन आखणाऱ्याच्या मनात नव्हती.

आधारचा फॉर्म या बाबतीत थोडा मोकळा आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देण्यात आला. आधारवर पूर्ण नाव एकाच ओळीत लिहितात, आडनावाचा वेगळा चौकोन नाही. पॅन आणि पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळे द्यावे लागते. म्हणून आधारवर जे नाव सरळ चालले, ते पॅनवर मोडून लिहावे लागते आणि मोडताना प्रत्येक जण आपापल्या समजुतीने मोडतो. घरात पॅन कार्ड असेल तर काढून बघा. दहापैकी पाचवे अक्षर तुमच्या आडनावाचे पहिले अक्षर असते. शेखांच्या कार्डावर तिथे 'एस' असायला हवा. तिथे तुमच्या नावाचेच पहिले अक्षर असेल, तर फॉर्म भरणाऱ्याने तुमचे नाव आडनावाच्या चौकोनात टाकले होते.

आधारवरच्या मराठी नावाचीही एक गंमत आहे. नोंदणी करताना नाव इंग्रजीत टाइप होते आणि मराठीतले नाव बहुतेक वेळा यंत्र त्यावरूनच बनवते. यंत्राला रुकय्या ठाऊक नसते. ते इंग्रजी अक्षरे बघून अंदाज करते. समोरच्याने तपासले नाही, तर तो अंदाजच छापून येतो.

आता थोडे शाळेसारखे समजावते. आपल्याला अक्षर दिसते, संगणकाला आकडा. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची एक यादी ठरली. तिच्यात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. मोठ्या लिपीतला 'ए' म्हणजे ६५, 'ई' म्हणजे ६९, 'एस' म्हणजे ८३. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही क्रमांक आहे, ३२. आज जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी जी युनिकोडची यादी वापरतात, तिच्यातही इंग्रजी अक्षरांचे हेच क्रमांक कायम आहेत. आता शेख हे नाव एस-एच-ए-आय-के-एच असे लिहिले तर संगणकाला दिसते ८३, ७२, ६५, ७३, ७५, ७२. तेच कुणी एस-एच-ई-के-एच लिहिले तर ८३, ७२, ६९, ७५, ७२. एकात सहा आकडे, दुसऱ्यात पाच. तुम्ही-आम्ही दोन्ही वाचून 'शेख'च म्हणू. संगणक म्हणेल, ही दोन वेगळी माणसे आहेत. 'रुकय्या बी' आणि 'रुकय्याबी' यांत आपल्याला काही फरक वाटत नाही, त्याला मधला तो ३२ हरवलेला दिसतो.

आपल्या नावांना ही अडचण जास्त येते, कारण ती उर्दू-अरबीतून आलेली आहेत आणि त्या लिपीत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. मुहम्मद हे नाव उर्दूत चार अक्षरांचे : मीम, हे, मीम, दाल. इंग्रजीत नेताना मधले स्वर आपण पदरचे घालतो. कुणी 'यू' घालतो, कुणी 'ओ', शेवटी कुणी 'ए', कुणी 'ई'. वर 'मोहम्मद' लांब होते म्हणून 'मोहद' किंवा 'एमडी' असे तोडून लिहिण्याची सवय. एकाच घरात बापाचे एक स्पेलिंग, थोरल्याचे दुसरे, धाकट्याचे तिसरे, असे मी दरवर्षी प्रवेशाच्या वेळी बघते.

उर्दूत टाइप केले तरी सुटका नाही. एकदा वर्गाची यादी मी घरच्या संगणकावर उर्दूत केली होती. त्यात करीम नावाचा मुलगा शोधायला गेले तर संगणक म्हणे, असे नाव नाही. डोळ्यांसमोर पडद्यावर 'करीम' दिसत होते! बऱ्याच वेळाने उलगडा झाला. अर्धी यादी मी उर्दू कीबोर्डवर केली होती, अर्धी अरबी कीबोर्डवर. युनिकोडमध्ये अरबी काफ वेगळा आणि उर्दू काफ वेगळा, अरबी ये वेगळी आणि उर्दू ये वेगळी. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आले की त्या अगदी सारख्या दिसतात, पण क्रमांक निराळे. म्हणजे करीमच्या चार अक्षरांपैकी दोन माझ्या नकळत परकी होती. त्या दिवशी मला कळले की जे डोळ्यांना दिसते ते यंत्राला दिसतेच असे नाही.

आणि आता एक गोष्ट, जी सांगताना अजूनही संकोच वाटतो. बी.एड. झाल्यावर मी एमएस-सीआयटीचा कोर्स केला, म्हणून शाळेत संगणकाचे काम आले की सगळे माझ्याकडे बघतात. सात-आठ वर्षांपूर्वी मुलांची माहिती ऑनलाइन भरायची होती. दिवसा नेट चालत नसे, म्हणून रात्री घरी बसून भरत होते. एका मुलीच्या नावात 'आय'च्या जागी माझ्याकडून 'ई' पडला. मराठीत वाचले तर फरक कळतही नाही. पुढच्या वर्षी वर्गातल्या बाकीच्या मुलींची शिष्यवृत्ती खात्यात आली, तिची आली नाही. आधारशी नाव जुळत नव्हते.

तिचे अब्बा रोजंदारीवर जाणारे. तीन दिवस काम बुडवून ते या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. शेवटी शाळेत आले तेव्हा कागद पाहून चूक माझीच आहे हे मला लगेच कळले. मी तसे सांगायच्या आतच ते हात जोडून म्हणाले, "टीचर, हमने ही गलत लिखवाया होगा. आप तो पढ़ी-लिखी हैं."

मी माफी मागितली. दुरुस्ती अर्ज मीच लिहिला, मीच पाठपुरावा केला. त्या वर्षाची रक्कम मात्र गेलीच. पण रकमेपेक्षा त्यांचे ते वाक्य मनात राहिले. टाइप करणारा चुकतो आणि ज्याचे नाव आहे तोच स्वतःला दोषी समजतो. कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाला आपण फार मोठे मानतो. डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे त्याने दिलेली पावती न वाचता घडी घालून खिशात ठेवतो. संगणकाची भीती म्हणतात ती मला तिथे दिसते. माणसे यंत्राला तितकी भीत नाहीत. यंत्रापुढे बसलेल्याला 'एकदा दाखवा' म्हणायला मात्र फार भितात.

नावांचा हा घोळ फक्त आपलाच नाही आणि नवाही नाही. अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थांनी सारख्या उच्चाराची नावे एकत्र लावण्याच्या एका पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे ती 'साउंडेक्स' म्हणून ओळखली गेली आणि तिथल्या जनगणनेच्या नोंदी शोधायला वापरली गेली. तेव्हा संगणक नव्हते, कार्डे होती. पद्धत सोपी : पहिले अक्षर ठेवायचे, स्वर सोडून द्यायचे आणि जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. आज ती पद्धत ज्या रूपात वापरतात, त्या हिशेबाने शेखची तिन्ही प्रचलित स्पेलिंगे एकाच खुणेत येतात, एस-२००. मुहम्मदची पूर्ण स्पेलिंगेही एकत्र येतात, एम-५३०. पण 'मोहद' असे तोडून लिहिले तर खूण होते एम-३००, म्हणजे जोडी तुटली. सांगायचे एवढेच, की नावाच्या उच्चाराकडे बघणारे यंत्र बनवता येते. शंभर वर्षांपूर्वी माणसाला हे सुचले होते. फॉर्म बनवणाऱ्यांनी मनावर घेतले तर आजही होईल. तोवर सांभाळायचे आपल्याला आहे.

नियमही बदलत राहतात. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून, पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर येणाऱ्या आणि पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना प्रवेश नाकारायचे ठरवले. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असा खुलासा नंतर झाला. दुबईला लेकाकडे जाणाऱ्या किती अम्मींच्या पासपोर्टवर नुसते एकच नाव असेल, विचार करा. आपल्या राज्यात १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावाचा क्रम ठरला आहे : मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आईचे नाव कागदावर आले याचा मला मनापासून आनंद आहे. पण याचा अर्थ आता अम्मीच्या नावाचे स्पेलिंगही मुलाच्या आयुष्यभर सोबत चालणार.

म्हणून माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, जन्माच्या नोंदीकडे लक्ष द्या. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. तेव्हा नाव ठरले नसेल तर बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. अकीक्याला आपण नाव ठेवतो, बकरा कुणाकडून आणायचा याची चर्चा आठ दिवस होते. त्यातली दहा मिनिटे स्पेलिंगसाठी काढा. घरातल्या सगळ्यांचे आडनाव एकाच प्रकारे लिहायचे हेही तेव्हाच ठरवा.

दुसरी गोष्ट, ठरलेले नाव एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत. कुठेही गेलात तर तोंडी सांगू नका, ती वही पुढे करा. 'मोहद', 'एमडी' अशी तोडलेली रूपे आणि टिंब टाळा.

तिसरी गोष्ट, आधारवरचे नाव घाईने बदलू नका. ते आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच. आधी सगळे कागद समोर मांडा आणि कुठला एक कागद बदलला की बाकीचे जुळतात ते बघा. पुष्कळदा बँकेतली नोंद बदलून काम होते.

चौथी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड. टाइप करून झाले की बटण दाबायच्या आधी म्हणायचे, "स्क्रीन जरा इकडे वळवा."

रुकय्या खालांच्या बाबतीत तेच केले. केंद्रावरचा मुलगा आधारच बदलायला निघाला होता, मी त्याला थांबवले. आधारवरच्या नावात चूक अशी काही नव्हती, म्हणून तेच नाव पक्के धरले आणि बँकेत दुरुस्तीचा अर्ज दिला. ज्या दिवशी बोलावले त्या दिवशी माझी शाळा होती, जाता येईना. मी वहीच्या एका कोऱ्या पानावर त्यांचे नाव इंग्रजी मोठ्या लिपीत, एकेक अक्षर सुटे करून लिहून दिले.

खालांना कुराण शरीफ वाचता येते, थोडी उर्दू येते, इंग्रजी अजिबात नाही. संध्याकाळी येऊन त्यांनी सांगितले ते असे. बँकेतल्या साहेबांनी नाव टाइप केले आणि म्हणाले, झाले. खाला म्हणाल्या, "साहेब, ती टीव्ही जरा माझ्याकडे फिरवा." साहेबांनी फिरवली. मग खालांनी माझा कागद स्क्रीनला लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या. या आकाराखाली हा आकार, त्या आकाराखाली तो. एके ठिकाणी कागदावर दोन सारखी अक्षरे होती आणि स्क्रीनवर एकच. "इथं एक कमी आहे," त्या म्हणाल्या. साहेबांनी पाहिले. खरेच एक 'वाय' राहिला होता. त्यांनी तो घातला आणि खालांना विचारले, "मावशी, किती शिकलात?"

संगणक जे करतो तेच खालांनी केले होते. अर्थ न लावता अक्षराला अक्षर लावून बघितले. त्याला इंग्रजी यावी लागत नाही, पण कुणीतरी कागद लिहून द्यावा लागतो आणि विचारायचे धाडस लागते.

मानधन पुढच्या महिन्यापासून सुरू झाले. मागचे तीन महिने अजून बाकी आहेत, त्याचा अर्ज दिलेला आहे. खालांनी ती वही माझ्याकडून मागून घेतली आणि आता गल्लीतल्या दोन-तीन बायकांची नावे माझ्याकडून तिच्यात लिहून नेली आहेत.

तुमच्या घरातली पिशवीही या आठवड्यात एकदा उघडा. सगळ्यांचे कागद चटईवर मांडा, मुलांना सोबत घ्या, एकेक नाव मोठ्याने वाचा. फरक सापडला तर आत्ताच सापडू द्या, खिडकीसमोर उभे असताना नको. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, पासवर्ड आणि ओटीपी यांविषयी बोलू. तोवर खुदा हाफिज.